मुलाकडे सिडनीला निघालात? ग्रेट व्हाइट शार्क असलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याआधी

ठाणे-नवी मुंबईकराची शार्कशी ओळख होते ती मासळी बाजारात. टोपलीत ओळीने मांडलेली हातभर मुशी म्हणजे शार्कच. तिचं कालवण बाळंतिणीला आवर्जून दिलं जातं आणि घासाघीसही तिच्यावरच जास्त होते. डिसेंबरात हेच कुटुंब मुलाकडे सिडनीला किंवा मुलीकडे सॅन दिएगोला जातं आणि किनाऱ्यावरच्या पहिल्याच फलकावर तिच्या साडेचार मीटर लांबीच्या थोरल्या नातलगाचं, ग्रेट व्हाइट शार्कचं, चित्र दिसतं. मग घरात दोन पक्ष पडतात. आई नातवंडांना घोटाभर पाण्यातही जाऊ देत नाही आणि बाबा ‘एवढी माणसं आत आहेत ना’ म्हणत सरळ चालू लागतात. चूक दोघांचीही आहे. सावधगिरीचं जवळजवळ सगळं काम वाळूवर उभं राहून, पहिल्या दहा मिनिटांत उरकतं आणि त्यातलं निम्मं ठाण्याहून निघण्यापूर्वीच करता येतं.

भीती नेमकी केवढी

फ्लोरिडा विद्यापीठात चालणाऱ्या इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइलमध्ये जगभरातल्या चाव्यांची नोंद ठेवतात. माणसाने न डिवचता शार्क चावल्याच्या घटना वर्षाला साधारण ६० ते ७० असतात आणि त्यातले मृत्यू पाच-सहाच्या आसपास. २०२४ मध्ये तर ४७ चावे आणि ४ मृत्यू एवढ्याच नोंदी झाल्या. हा आकडा सगळ्या जातींचा मिळून आहे. खुद्द सिडनीत १९६३ नंतर शार्कमुळे मृत्यू झाला तो थेट फेब्रुवारी २०२२ मध्ये, लिटल बे इथे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर दरवर्षी शार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं रिप करंटमध्ये, म्हणजे किनाऱ्याकडून आत खेचणाऱ्या ओढीत, बुडून जातात. ‘शार्क आहे का?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘ओढ कुठे आहे?’ हाच.

दक्षिण कॅलिफोर्नियात ड्रोनने केलेल्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली. ग्रेट व्हाइटची पिल्लं जिथे जमतात अशा दोन जागी पाहणीच्या ९७ टक्के दिवशी माणसं आणि पिल्लं एकाच पट्ट्यात होती. बहुतेक पोहणाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता आणि शार्कही आपल्या वाटेने जात होते.

मग चावा होतो कधी? जन्मतः ग्रेट व्हाइट सव्वा ते दीड मीटरचा असतो. सुरुवातीची वर्षं तो मासे आणि पाकट खातो. लांबी तीन मीटरच्या आसपास गेली की जबडा भक्कम होतो आणि सील, डॉल्फिन, मेलेल्या देवमाशाची चरबी असा मोठा आहार सुरू होतो. सीलची शिकार तो खालून करतो: तळाच्या अंधारातून वर पाहत, पृष्ठभागावरची काळी आकृती हेरून एकदम वर येतो. सर्फबोर्डवर पालथा झोपून हात मारणारा माणूस खालून कसा दिसत असेल, ते यावरून कळेल. पुष्कळदा तो एकदाच चावून सोडून देतो. पण चार मीटरच्या शार्कचा एक चावाही मांडीची मोठी धमनी तोडायला पुरतो, आणि जीव जातो तो रक्त वाहून गेल्याने. म्हणून या लेखात रक्त थांबवण्याच्या भागाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कोकणातल्यांनी मात्र ग्रेट व्हाइटची चिंता करू नये. त्याला साधारण १२ ते २४ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं, मोठ्याला सीलसारखं भक्ष्य लागतं. आपल्याकडचं पाणी त्याहून गरम आणि सील तर नाहीतच. अलिबाग-किहीमला काय सांभाळायचं ते शेवटी येईल.

निघण्याआधी, घरच्या घरी

आधी पोहण्याचं. ठाण्यातल्या किंवा नेरूळच्या तरणतलावात सहज वीस फेऱ्या मारणारा माणूस समुद्रात पाच मिनिटांत दमतो, कारण तिथे कठडा नाही, पायाखाली फरशी नाही आणि डोळ्यांत खारं पाणी. निघण्याआधी महिनाभर तीन गोष्टी जमवा: पाठीवर दहा मिनिटं हात-पाय न झाडता तरंगणं, खोल बाजूला उभ्याने पाच मिनिटं पाणी तुडवणं आणि डोकं पाण्याबाहेर ठेवून शंभर मीटर पोहणं. पाणी न उडवता पोहण्याची सवयही इथेच लावा. शार्कच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या संवेदी रेषा असतात. धडपडीचे, अनियमित हादरे त्याला जखमी माशासारखे वाटतात.

दुसरं काम कागदाचं. पाकिटात एक कार्ड ठेवा: रक्तगट, विम्याचा क्रमांक, तिथल्या नातलगाचा फोन आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर त्याचं नाव, डोससकट. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन घेणारे आई-बाबा आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांची साधी जखमही जास्त वेळ वाहते, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला हे पहिल्या मिनिटात कळायला हवं.

तिसरं, टूर्निके. हा रक्त थांबवायचा पट्टा असतो: साधारण चार सेंटिमीटर रुंद, पिरगळायला दांडी असलेला. घ्यायचा असेल तर नावाजलेल्या बनावटीचाच घ्या. स्वस्त नकलांची प्लास्टिकची दांडी नेमकी आवळताना मोडते. नसेल तर घरातल्या वस्तूंवर सराव करा. लोडाला मांडी समजा. सुती पंच्याची लांब घडी घाला, पाच सेंटिमीटर तरी रुंद. लोडाभोवती दोनदा गुंडाळून अर्धी गाठ मारा, गाठीवर लाटणं ठेवा, त्यावर पूर्ण गाठ बांधा आणि लाटणं गोल फिरवायला लागा. दोन-तीन वेढ्यांत लोडाला खोल खाच पडते. एवढं आवळावं लागतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की प्रसंगी हात आखडत नाही. मग लाटण्याचं टोक पंच्याच्या उरलेल्या शेवाने बांधून टाका, नाहीतर हात सुटताच सगळं उलगडतं. नायलॉनची दोरी, बुटाची नाडी, ओढणीची पीळ घातलेली दोरी यांनी हे करू नये. अरुंद वस्तू कातडीत रुतते आणि आतली धमनी मात्र चालूच राहते. माणसाच्या पायावर सराव करताना पूर्ण आवळू नका.

फोनमध्ये तिथल्या आपत्कालीन सेवेचे क्रमांक भरून ठेवा: ऑस्ट्रेलियात ०००, अमेरिकेत ९११, दक्षिण आफ्रिकेत मोबाइलवरून ११२. न्यू साउथ वेल्ससाठी (सिडनी याच राज्यात आहे) शार्कस्मार्ट आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केप कॉडच्या बाजूला जायचं असेल तर शार्कटिव्हिटी ही ॲप आधीच उतरवून घ्या.

ॲप वाचायचं कसं, हे मात्र समजून घ्यायला हवं. किनाऱ्याजवळ पिवळे तरंगते बोये असतात. अंगावर खूण-यंत्र बसवलेला शार्क त्यांच्यापासून सुमारे ५०० मीटरच्या आत आला की फोनवर सूचना येते. खूण न लावलेला शार्क शेजारून गेला तरी बोया गप्प असतो. म्हणजे सूचना आली तर बाहेर राहा. पण सूचना नाही याचा अर्थ शार्क नाही असा होत नाही.

किनारा आणि वेळ कशी निवडायची

सिडनीच्या बाजूला ग्रेट व्हाइटचा वावर थंडीत आणि वसंतात, म्हणजे साधारण जून ते नोव्हेंबर, जास्त असतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की बुल शार्क येतात आणि ते खाड्या, बंदरं, नदीच्या मुखांमध्ये शिरतात. म्हणून जानेवारीत ‘बंदरातलं पाणी शांत आहे, इथेच डुंबू’ हा विचार उलटा आहे. तिथे जाळीने पूर्ण बंदिस्त केलेला तलाव असेल तरच उतरा. केप कॉडला धोक्याचे महिने म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर. तिथे सील भरपूर आहेत आणि ते किनाऱ्याला लागून पोहतात. केप टाउनच्या फॉल्स बेमध्ये एकेकाळी ग्रेट व्हाइटची गर्दी असायची. २०१७ नंतरच्या काळात ते तिथून जवळजवळ दिसेनासे झाले. पोर्ट आणि स्टारबोर्ड या नावांनी ओळखले जाणारे दोन ओर्का (किलर व्हेल) त्या भागातल्या शार्कना मारून फक्त यकृत खातात, आणि शार्क निघून जाण्यामागे हेही एक मोठं कारण मानलं जातं. तरीही तिथल्या डोंगरावरचे टेहळे आजही बसतात.

जाळी आहे म्हणजे आपण सुरक्षित, हा गैरसमज तिथे राहणाऱ्या आपल्या मुलांनाही असतो. जाळ्या दोन प्रकारच्या असतात. न्यू साउथ वेल्समध्ये १९३७ पासून लावतात ती जाळी साधारण १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच. ती किनारा बंद करत नाही. बाजूने, वरून, खालून मासा सहज जातो, आणि कासवं-डॉल्फिन तिच्यात अडकून मरतात ते वेगळंच. तिच्यावर आमचा फारसा भरवसा नाही. दुसरा प्रकार म्हणजे तळापासून पृष्ठभागापर्यंत चारी बाजूंनी बंद केलेलं कुंपण: पर्थजवळ कॉटस्लो आणि कूजी, केप टाउनजवळ फिश होक. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर असा बंदिस्त भाग शोधा. सिडनीत त्याहून सोपी सोय आहे: खडकात बांधलेले समुद्राच्या पाण्याचे तलाव. लाट आत येते, मीठ तेच, आणि चारी बाजूंना भिंत. आजी-आजोबांसाठी यापेक्षा चांगली जागा नाही.

वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार. पहाट आणि तिन्हीसांज टाळा: उजेड तिरपा असतो, आपल्याला पाण्यातलं दिसत नाही आणि शिकारी माशांची ती खाण्याची वेळ. सूर्योदय पाहायला जरूर जा, थर्मासातला चहा घेऊन वाळूवर बसा. मोठा पाऊस पडून गेला असेल तर नदी-नाल्यांच्या मुखाजवळ पाणी पुन्हा निवळेपर्यंत उतरू नका.

भरती-ओहोटीचं इथलं गणित तिथे चालणार नाही. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सिडनी-पर्थला हा हिशेब बसत नाही. किनाऱ्यावरच्या फलकावर त्या दिवसाच्या वेळा लिहिलेल्या असतात त्या पाहा.

वाळूवरची दहा मिनिटं

चपला काढण्याआधी झेंडे शोधा. ऑस्ट्रेलियात लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले असतात. पोहायचं ते त्या दोघांच्या मधेच. तिथे जीवरक्षकाची नजर असते आणि ती जागा त्याने ओढ पाहून निवडलेली असते. नुसता लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही. लाल-पांढऱ्या चौकटींचा झेंडा किंवा भोंगा म्हणजे सगळ्यांनी ताबडतोब बाहेर. केप टाउनला शार्क स्पॉटर्स ही संस्था २००४ पासून डोंगरावरून पाण्यावर नजर ठेवते. त्यांची भाषा वेगळी. हिरवा झेंडा: पाणी स्वच्छ दिसतंय, शार्क दिसलेला नाही. काळा: नीट दिसतच नाही. लाल: नुकताच दिसला होता, सावध राहा. पांढऱ्यावर काळा शार्क आणि भोंगा: आत्ता आहे, बाहेर या. काळ्या झेंड्यालाच लोक फसतात. तो ‘शार्क नाही’ म्हणत नाही, ‘आम्हाला दिसत नाही’ म्हणतो. केप कॉडला जांभळ्या झेंड्यावर पांढऱ्या शार्कचं चित्र असतं.

झेंडे पाहून झाले की जीवरक्षकाकडे जा आणि सरळ विचारा: आज काही दिसलं का, ओढ कुठे आहे, मुलांनी कुठे खेळावं. इंग्रजी अडखळलं तरी चालतं; तो यासाठीच तिथे बसलेला असतो. भिडेपोटी न विचारणं ही आपली जुनी खोड.

मग पाण्याकडे पाहा. पक्षी एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत आहेत का? पाण्यात काळसर, हलता ढग दिसतो का, मधेच चंदेरी चमकणारा? तो छोट्या माशांचा थवा असतो आणि त्याच्या मागे मोठे मासे असतात. सील जवळ आहेत का? कोणी गळ टाकून बसलंय का, मासे कापून आतडी पाण्यात टाकतंय का? मेलेला देवमासा लागला आहे का? यातलं एकही असेल तर दुसरी जागा पाहा. डॉल्फिन दिसले की ‘आता शार्क येणार नाही’ असं सांगणारे भेटतील. तसं काही नसतं. दोघं एकाच थव्यामागे असू शकतात.

ओढही इथूनच दिसते. दोन बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत आहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी गडद, सपाट, शांत वाटतंय: नवख्याला तीच जागा उतरायला बरी वाटते आणि तीच ओढ असते. वाळूच्या दांड्यांमधून परतीचं पाणी तिथून आत धावत असतं. सापडलात तर तिच्या विरुद्ध पोहू नका. तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटत्या लाटांकडे सरका.

अंगावरचं काय? चमकणारे दागिने पाण्यात माशाच्या खवल्यासारखे लकाकतात. बांगड्या, पैंजण, साखळी काढून ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर गळाबंद पोहण्याच्या पोशाखाच्या आत जाऊ द्या. साडी किंवा सलवार-कमीज नेसून कंबरभर पाण्यात जाऊ नका. शार्कशी त्याचा संबंध नाही, ओल्या कापडाचं वजन आणि पायात अडकणारा घोळ बुडवतो. मासिक पाळीत पाण्यात गेल्याने शार्क येतो, याला पुरावा मिळालेला नाही. उघडी, वाहती जखम असेल तर मात्र बाहेरच थांबा. आणि सहलीत सोललेल्या कोळंबीची टरफलं, भाजलेल्या माशाचे काटे समुद्राला अर्पण करू नका, कचऱ्याच्या डब्यात टाका.

पाण्यात

एकट्याने जाऊ नका. तिघं-चौघं जवळजवळ राहा आणि एकजण वाळूवर कोरडा, फोन हातात घेऊन, पाण्याकडे तोंड करून बसलेला असू द्या. ही बसण्याची पाळी अर्ध्या-अर्ध्या तासाने बदला, नाहीतर बसलेला मोबाइलमध्ये शिरतो. हौशी पोहणाऱ्याने छातीभर पाण्यापलीकडे जाऊ नये. वाळूचा दांडा संपून तळ एकदम खोल जातो त्या कडेवर तरंगत राहू नये. मोठे मासे त्याच कडेने फिरतात. दर दोन-चार मिनिटांनी झेंड्यांकडे पाहा. पाणी नकळत बाजूला वाहून नेतं आणि माणूस झेंड्यांबाहेर कधी गेला ते त्यालाही कळत नाही.

पंख दिसला तर आधी तो कोणाचा ते ओळखा. डॉल्फिनचा पंख मागे वाकलेला असतो आणि वर-खाली होत पाण्यात गोल वळून जातो. शार्कचा पंख ताठ, एका पातळीत सरकतो, आणि कधीकधी त्याच्या मागे थोड्या अंतरावर शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं. कोणाचा आहे ते ठरत नसेल तर शार्कच समजा.

तो दूर असेल तर शेजाऱ्यांना हाक देऊन, पाणी न उडवता, एकत्र किनाऱ्याकडे या. जवळ असेल आणि घिरट्या घालत असेल तर त्याच्याकडे पाठ करू नका. ग्रेट व्हाइट मागून आणि खालून येणं पसंत करतो. आपण त्याच्याकडे पाहतोय हे दिसू द्या, तो वळेल तसं वळा आणि मागे मागे सरकत या. दोघं असाल तर पाठीला पाठ लावा. हातात बोर्ड, कॅमेरा, जे असेल ते आपल्या आणि त्याच्या मधे धरा. अंगावर आलाच तर मेल्याचं सोंग घेऊ नका. डोळे आणि कल्ले या दोन जागी, सापडेल त्या वस्तूने, जोरात आणि पुन्हा पुन्हा मारा. नाकावर ठोसा मारा असं सगळीकडे सांगतात, पण पाण्यात हाताला वेग येत नाही आणि नाकाच्या खालीच तोंड आहे.

चावा झाला तर: पहिली पाच मिनिटं

रुग्णवाहिका यायच्या आत माणूस वाचतो किंवा जातो.

१. पाण्याबाहेर काढा, लाट पोचणार नाही एवढंच वर. गाडीपर्यंत उचलून नेण्याच्या नादात रक्त वाहत राहतं. तिथेच सपाट झोपवा. एकाला नाव घेऊन सांगा: ‘तू फोन लाव’. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटलं की कोणीच करत नाही. दुसऱ्याला जीवरक्षकाकडे पिटाळा. त्याच्याकडे बहुधा टूर्निके असतो.

२. जखम पायाला असेल तर जांघेत मूठ दाबा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जननेंद्रिय यांच्या बरोबर मधे, जिथे मांडी धडाला मिळते, तिथे पायाची मोठी धमनी जाते. गुडघ्यावर बसा, मूठ तिथे रोवा, कोपरे सरळ ठेवा आणि सगळं वजन टाका. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या चाचणीत या दाबाने पायाचा जवळजवळ ९० टक्के रक्तप्रवाह थांबला. सर्फबोर्डच्या दोरीने आवळून निम्माही थांबत नव्हता. यासाठी कुठलंही साधन लागत नाही, पोहण्याचा पोशाख उतरवावा लागत नाही. या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

३. तोवर दुसऱ्याने टूर्निके किंवा पंचा-काठी बांधावी. जागा: जखमेच्या वर, म्हणजे धडाकडच्या बाजूला, चार बोटांवर. गुडघ्यावर किंवा कोपरावर नको. तिथे हाडांच्या आड धमनी दबत नाही, तेव्हा सांध्याच्या वर सरका. रक्त वाहणं थांबेपर्यंत आवळा. माणूस दुखतंय म्हणून ओरडेल, ते अपेक्षितच आहे. अर्धवट आवळणं हीच सर्रास होणारी चूक आहे. त्याने परतीचं रक्त अडतं, येणारं चालू राहतं आणि जखम आधीपेक्षा जास्त वाहते. एकाने थांबत नसेल तर त्याच्या वर दुसरा पट्टा. आवळल्याची वेळ लिहून ठेवा, कपाळावर लिहिली तरी चालेल. ‘थोडं सैल करून बघू’ हे डॉक्टरांशिवाय कोणीही करू नये.

४. पट्टा बसणार नाही अशी जागा, जांघ, काख, खांदा: स्वच्छ टॉवेल किंवा टी-शर्ट बोटांनी जखमेच्या तळापर्यंत ठासून भरा आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरा. भिजला तर काढू नका, वर दुसरा ठेवा. छाती किंवा पोटात मात्र काही ठासू नका. वरून कापड ठेवून दाबा.

५. अंगावर कोरडा टॉवेल, जॅकेट, काही असेल ते घाला. थंडावलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही. पाणी, चहा, काही पाजू नका. थेट शस्त्रक्रियेला न्यावं लागणार असतं. हळद, कॉफी पूड असलं काही जखमेत भरू नका.

जखम लहान दिसली तरी इस्पितळात जायचंच. शार्कच्या दातांचे तुकडे आत राहतात आणि समुद्रातले जंतू जखम चिघळवतात.

यंत्रं घ्यावीत का

दुकानात शार्क पळवणाऱ्या वस्तू खूप दिसतील: चुंबकाचे मनगटी पट्टे, वासाचं मेण, विजेचे झटके देणारे पट्टे. शार्कच्या थुतरीवर जेलीने भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांनी त्याला पाण्यातलं विजेचं अतिशय क्षीण क्षेत्र कळतं, म्हणून विजेच्या यंत्रांना काही आधार आहे. फ्लिंडर्स विद्यापीठाने २०१८ मध्ये ग्रेट व्हाइटवर पाच साधनं तपासली. फ्रीडम प्लस सर्फ या बोर्डला लावायच्या यंत्राने आमिष खाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आणलं. बाकीच्यांचा उपयोग थोडा किंवा नगण्य ठरला. म्हणजे सर्वांत चांगलं यंत्रही दहातल्या चार वेळा हरतं. महिनाभरासाठी गेलेल्या आणि झेंड्यांमधे डुंबणाऱ्या माणसाने त्यावर खर्च करू नये. मुलगा रोज सर्फिंग करत असेल तर त्याने विचार करावा.

परत आल्यावर, आपल्या पाण्यात

आपल्याकडे माणसाला गाठू शकणारा शार्क म्हणजे बुल शार्क. खारं-गोडं दोन्ही पाणी त्याला चालतं, त्यामुळे तो खाडीतून वर चढतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत उतरलेल्या तरुणाच्या पायाला शार्कने जबर चावा घेतला होता. अशा घटना विरळ, पण जांघेतल्या मुठीचा धडा इथेही तोच. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. ठाणे खाडीत पोहायला जाण्याचा विचार बाकीच्या कारणांसाठीही सोडलेलाच बरा: चिखल, जोरदार ओहोटी आणि सांडपाणी.

रोजचा त्रास पाकट आणि जेलीफिशचा. २०१३ मध्ये गणपती विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर कितीतरी भाविकांना पाकटांचे काटे लागले होते. भाद्रपदात ती उथळ पाण्यात, वाळूखाली दबून बसलेली असतात. पाय वरून पडला की शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. विसर्जनाला उतरताना पाय उचलून टाकू नका. तळाला घासत, वाळू ढकलत सरका, पाकट आधीच निघून जातं. गमबूट असतील तर उत्तम.

काटा लागलाच तर जखम समुद्राच्या पाण्याने धुऊन पाय गरम पाण्यात बुडवा, ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास. उष्णतेने वेदना उतरतात. पाण्याचा अंदाज दुसऱ्याने आपला हात घालून घ्यायचा, कारण ज्याला लागलंय त्याला वेदनेपुढे भाजलेलंही कळत नाही. काटा पोटात किंवा छातीत घुसला असेल तर उपसू नका, तसंच इस्पितळात न्या. जेलीफिश लागली तर वाळू चोळू नका, धागे निघण्याआधी गोड्या पाण्याने धुऊ नका. चिकटलेले धागे काडीने किंवा चिमट्याने काढा, समुद्राचं पाणी ओता आणि मग पाकटासारखंच सोसवेल एवढं गरम पाणी, वीस मिनिटं. विसर्जनाच्या टेम्पोत मोदकांच्या डब्याशेजारी गरम पाण्याचे दोन थर्मास आणि एक बादली ठेवा.